परदेशाशी ठरवलेली वेळ दर वर्षी एका तासाने का हुकते: लक्षणं, तपासणी आणि उपाय

मार्चचा दुसरा आठवडा उलटला की ऐरोली-महाप्याच्या ऑफिसांत आणि ठाण्यातल्या घरांत एकच तक्रार सुरू होते: काल साडेसहाला असलेला कॉल आज साडेपाचलाच सुरू झाला. ऑक्टोबर संपता संपता तीच तक्रार उलट्या दिशेने येते. दिवसा ऑफिसात सपोर्टचं काम आणि सुट्टीच्या दिवशी सोसायटीत, नात्यात कोणाकोणाचे फोन-लॅपटॉप बघून देणं, यात हा बिघाड मी इतक्यांदा निस्तरला आहे की समोरच्याने फरक किती तासांचा आहे ते सांगितलं की कारण बहुधा लगेच कळतं. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. बदललेलं असतं तिकडचं घड्याळ, आणि आपण दुरुस्त करायला घेतो आपलं. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

आधी लक्षण बघा: फरक नेमका किती?

"वेळ चुकतेय" एवढ्यावरून काही कळत नाही. किती चुकतेय, पुढे की मागे, आणि कधीपासून, हे आधी कागदावर लिहा. फरकाच्या आकड्यातच अर्धं निदान असतं.

- नेमका एक तास, तोही मार्च-एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात सुरू झालेला: तिकडे डेलाइट सेव्हिंगमुळे, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे ठेवायच्या पद्धतीमुळे, घड्याळ पुढे-मागे झालं आहे. तुमच्या मशीनला हात लावू नका.
- नेमके साडेपाच तास: कुठेतरी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली आहे आणि ती भारतीय वेळेत न बदलता तशीच दाखवली जाते आहे. ॲपच्या रिपोर्टमध्ये, एक्सेलमध्ये हे सर्रास दिसतं.
- नेमका अर्धा तास: टाइम झोन, म्हणजे कोणत्या प्रदेशाची वेळ दाखवायची ते, निवडताना यादीत वरची किंवा खालची ओळ दाबली गेली आहे. कराची आपल्या अर्धा तास मागे, ढाका अर्धा तास पुढे. पंधरा मिनिटं पुढे दिसत असेल तर काठमांडू निवडलं गेलं आहे.
- अडीच तास पुढे: सिंगापूर किंवा चीनची वेळ लागली आहे. सोसायटीच्या सीसीटीव्हीत हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.
- साडेनऊ ते साडेतेरा तास मागे: लॅपटॉप अजून अमेरिकेतच आहे. ऑनसाइटहून, म्हणजे क्लायंटच्या देशातल्या कामावरून, परतलेल्यांचा नेहमीचा प्रकार.
- बारा तास: सकाळ-संध्याकाळचा घोळ. चोवीस तास: तारखेचा घोळ.
- काही मिनिटं, आणि ती दिवसेंदिवस वाढत जाणारी: घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेणं बंद पडलं आहे. मशीन जुनं असेल तर आतला सेलही संपत आला असेल.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी, अवघड शेवटी. क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन तपासण्यांतच बहुतेक प्रकरणं मिटतात आणि मग लॅपटॉप उघडावाच लागत नाही.

१. तिकडे आत्ता किती वाजलेत ते बघा

फोनच्या घड्याळात जगातल्या शहरांची वेळ दाखवणारा भाग असतो. तिथे समोरच्या माणसाचं शहर घाला आणि आत्ताचा फरक मोजा. समोरचा माणूस ऑनलाइन असेल तर सरळ त्यालाच विचारा, "तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?" यात संकोच कसला?

हे आधी का करायचं? आपण डोक्यात एक फरक पाठ करून ठेवलेला असतो. न्यूयॉर्क म्हणजे साडेदहा तास मागे, असं कोणी तरी पहिल्या नोकरीत सांगितलेलं असतं आणि ते पक्कं बसतं. प्रत्यक्षात साडेदहा तासांचा फरक वर्षातले जेमतेम चार महिने खरा असतो. उरलेले आठ महिने तो साडेनऊ असतो. शिकागो साडेअकरा नाहीतर साडेदहा, सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा नाहीतर साडेबारा, लंडन साडेपाच नाहीतर साडेचार, बर्लिन आणि पॅरिस साडेचार नाहीतर साडेतीन. सिडनी आपल्या पुढे साडेचार नाहीतर साडेपाच. दुबई मात्र बारा महिने दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, टोकियो साडेतीन तास पुढे. आखातातल्या माणसांच्या घरी ही तक्रार कधी येत नाही ती यामुळेच.

शहरच घाला, देश नको. "ऑस्ट्रेलियाची वेळ" असं काही नसतं. सिडनी, मेलबर्नमध्ये घड्याळं बदलतात, ब्रिस्बेन ज्या क्वीन्सलँड राज्यात आहे तिथे बदलत नाहीत. अमेरिकेत ॲरिझोना जवळपास संपूर्ण राज्य घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे फिनिक्सचा क्लायंट आपल्यापासून कायम साडेबारा तास मागे. तो हिवाळ्यात डेन्व्हरबरोबर असतो आणि उन्हाळ्यात लॉस एंजेलिसबरोबर. "अमेरिकेत सगळ्यांचं बदललं" म्हणून त्याचाही कॉल एक तास सरकवणारे टीम लीड मी पाहिले आहेत, आणि मग तो बिचारा एकटाच स्क्रीनसमोर बसलेला.

२. आजची तारीख धोक्याच्या आठवड्यात येते का?

घड्याळं कधी बदलतात याचे नियम ठरलेले आहेत आणि ते पाठ करण्यासारखे आहेत. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. सिडनी-मेलबर्नला ऋतू उलटे, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढे, आणि मागे यायची तारीख ऑस्ट्रेलियाचीच.

२०२६ पुरतं बोलायचं तर अमेरिकेत ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोपात २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

या तारखांमधली फट सगळ्यात जास्त गोंधळ घालते. समजा महाप्यातली टीम, न्यू जर्सीचा क्लायंट आणि लंडनचा मॅनेजर यांचा रोजचा कॉल आहे, न्यू जर्सीच्या सकाळी ८ वाजता. फेब्रुवारीत तो आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला आणि लंडनला दुपारी १ वाजता असतो. ८ मार्चनंतर आपल्याकडे तो ५:३० ला येतो आणि लंडनला बाराला. मग २९ मार्चला लंडनचंही घड्याळ पुढे जातं आणि तिथे तो पुन्हा १ वाजता होतो, आपल्याकडे मात्र ५:३० च राहतो. म्हणजे लंडनवाल्याच्या दृष्टीने तीन आठवडे काहीतरी बिघडलं आणि आपोआप दुरुस्त झालं. या तीन आठवड्यांत त्याने "माझं कॅलेंडर बिघडलंय" म्हणून सगळ्यांच्या मीटिंगा हाताने सरकवल्या, तर २९ मार्चनंतर त्या सगळ्या खरोखरच चुकतात. ऑक्टोबरअखेर हीच फट एका आठवड्याची असते.

आपल्याकडे हे का नाही, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. ठाण्यात सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा आणि आठच्या आसपास जातात. तिकडे घड्याळ सरकवलं नाही तर उन्हाळ्यात सूर्य पहाटे पावणेचारलाच उगवून झोपेतच वाया जातो, म्हणून त्यांनी घड्याळच सरकवलं. आपल्याला घड्याळ सरकवून मिळण्यासारखं फारसं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतातही घड्याळं एक तास पुढे केली होती, युद्ध संपल्यावर ती प्रथा सोडून दिली.

तारीख या आठवड्यांत बसत असेल आणि फरक नेमका एक तास असेल, तर निदान झालं. तपासणी ३ सोडा आणि थेट ४ वर जा.

३. तुमचा फोन आणि लॅपटॉप

फोनमध्ये तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये दोन वेगळी बटणं असतात: वेळ आपोआप, आणि टाइम झोन आपोआप. दोन्ही चालू हवीत. लॅपटॉपवर कोपऱ्यातल्या घड्याळावर राइट क्लिक करून तारीख-वेळेची सेटिंग उघडा आणि झोनच्या ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली ही नावं असलेला यूटीसी +०५:३० हा पर्याय आहे का ते बघा. झोन आपोआप ठरवायचं बटण लॅपटॉपवर कधीकधी फसतं, विशेषतः ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) परदेशातल्या सर्व्हरमधून जात असेल तर. तसं होत असेल तर लॅपटॉपवर झोन हाताने निवडा, पण वेळ मात्र आपोआपच राहू द्या.

आता जे अजिबात करू नये ते. कॉल एक तास हुकला म्हणून लॅपटॉपचं किंवा फोनचं घड्याळ हाताने एक तास पुढे-मागे करू नका. मशीन आतून वेळ यूटीसीत धरून चालतं आणि झोन बघून आपल्याला स्थानिक वेळ दाखवतं. झोन तोच ठेवून तुम्ही आकडा सरकवलात की आतली मूळ वेळच चुकते. मग ऑफिसचं लॉगिन अडतं, कारण ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड साधारण दर ३० सेकंदांनी घड्याळावरूनच बनतो. घड्याळ तासभर सरकलेलं असेल तर तो कोड कधीच जुळणार नाही. तारीख फार चुकली तर वेबसाइटही "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत. कॅलेंडरमधल्या बाकीच्या सगळ्या मीटिंगांची सूचनाही चुकीच्या वेळी वाजते. एका कॉलसाठी केलेली ही दुरुस्ती मग दिवसभराचा ताप होते. लॉगिन होत नाही म्हणून पासवर्ड तीन-तीनदा बदलून झाल्यावर माणूस माझ्याकडे येतो. मी पहिल्यांदा कोपऱ्यातलं घड्याळ बघतो.

अर्ध्या तासाच्या फरकाविषयी थोडं जास्त, कारण परदेशातल्या सहकाऱ्यांना तो सवयीचा नसतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून घेतली आहे, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. दर अंशाला चार मिनिटं, म्हणून साडेपाच तास. १ जानेवारी १९०६ ला ही वेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली, १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. आजही ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२:३८ च्या सुमारास. गावोगावची वेळ मोडून एकच वेळ करायची गरज सगळीकडे आधी रेल्वेला भासली. अमेरिकेत १८ नोव्हेंबर १८८३ ला रेल्वे कंपन्यांनीच झोन लागू केले आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचची रेषा शून्य ठरली. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ज्या ठाण्यात आली, त्या ठाण्यात बसून हे सांगताना मला खरंच बरं वाटतं.

मुद्दा असा की समोरचा माणूस पूर्ण तासाच्या हिशेबाने "+५" किंवा "+६" निवडून मोकळा झाला असेल, तर त्याच्याकडे सगळं अर्धा तास चुकेल. चूक तुमच्याकडे शोधत बसू नका. त्याला यादीतून शहराच्या नावाने झोन निवडायला सांगा.

४. मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधली आहे?

माझ्या मते बाकीच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा ही महत्त्वाची. दर आठवड्याला पुन्हा येणारी मीटिंग कॅलेंडरमध्ये एका विशिष्ट झोनला बांधलेली असते, बहुतेक वेळा ज्याने इनव्हाइट पाठवलं त्याच्या. ऐरोलीच्या लीडने भारतीय वेळेत इनव्हाइट केलं, तर आपल्याकडे ती वर्षभर ६:३० लाच राहील आणि न्यू जर्सीच्या माणसाला मार्चपासून ती ८ ऐवजी ९ वाजता दिसेल. न्यू जर्सीवाल्याने केलं असेल तर त्याच्याकडे ८ कायम आणि आपल्याकडे सरकणार. यात चूक कोणाचीच नाही, कॅलेंडर सांगितलं तेच करतं आहे. कोणाचं घड्याळ स्थिर राहावं हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि तेच कोणी ठरवलेलं नसतं.

मीटिंग उघडा, वेळेच्या शेजारी टाइम झोनचा पर्याय शोधा आणि कोणता झोन लागला आहे ते वाचा. बदलायचा असेल तर इनव्हाइट पाठवणाऱ्याने संपूर्ण मालिकेचा झोन बदलायचा. एकेक मीटिंग सुटी-सुटी सरकवली की मालिकेत खड्डे पडतात, आणि पुढच्या बदलाच्या वेळी कोणती सरकवलेली आणि कोणती मूळची हे कोणालाच सांगता येत नाही. अशा खिचडी झालेल्या मालिकेवर मी दुरुस्ती करत नाही. ती आजपासून बंद करून नवीन बनवायला लावतो.

नौपाड्यातल्या एक ताई परदेशातल्या मुलांना ऑनलाइन गाणं शिकवतात. त्यांची वही बघण्यासारखी आहे. शनिवारी सकाळी ८ वाजता कॅलिफोर्नियाची तीन मुलं, तिकडे तेव्हा हिवाळ्यात शुक्रवारची संध्याकाळ ६:३० आणि उन्हाळ्यात ७:३०. दुपारी ४:३० ला लंडनची मुलगी, तिकडे हिवाळ्यात ११ आणि उन्हाळ्यात १२. पूर्वी दर मार्चमध्ये कॅलिफोर्नियाची मुलं सकाळी ७ वाजताच लिंक उघडून बसायची. आई-वडिलांनी आपल्या ६:३० चा गजर लावलेला, आणि इकडे ताईंचा तंबोराही जुळलेला नसायचा. त्या म्हणाल्या, "अहो, मुलांचं नाही चुकत, पण माझी ९ ची इथली बॅच बसलेली असते. मी कोणाकोणाला सरकवू?" त्यांचा दिवस इथल्या घड्याळाला बांधलेला आहे, तेव्हा शिकवणीही इथल्याच घड्याळाला बांधायची असं आम्ही ठरवलं. सगळी इनव्हाइट त्यांच्या खात्यातून, भारतीय झोनमध्ये. वहीत प्रत्येक मुलापुढे दोन रकाने केले: तिकडची हिवाळी वेळ, तिकडची उन्हाळी वेळ. बदलाच्या दोन आठवडे आधी पालकांच्या ग्रुपवर एक निरोप जातो. तेव्हापासून तो गोंधळ झाला नाही.

उलटंही असू शकतं. कळव्यातल्या एका काकूंचा मुलगा न्यू जर्सीहून रात्री जेवून ९ वाजता फोन करतो. हिवाळ्यात तो इथे सकाळी ७:३० ला येतो, मार्चनंतर ६:३० ला, नेमका नळाला पाणी यायच्या वेळी. मुलगा नोकरीत अडकलेला, त्याची वेळ हलणार नाही. तिथे आपण आपलं घड्याळ सोडायचं. काकूंच्या फ्रिजवर फक्त दोन ओळी चिकटवल्या आहेत: मार्च ते ऑक्टोबर साडेसहा, नोव्हेंबर ते मार्च साडेसात.

५. निरोप कसा लिहिला होता?

कॅलेंडर नसेल आणि वेळ व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर ठरली असेल, तर मूळ निरोप पुन्हा वाचा. आद्याक्षरं घात करतात. आपण आयएसटी लिहितो ते भारताचं, पण आयर्लंड आणि इस्रायलही आपल्या वेळेला तीच अक्षरं वापरतात. सीएसटी शिकागोचंही आणि चीनचंही. अमेरिकेतले लोक जुलैतही सवयीने ईएसटी, म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळी वेळ, लिहितात, ते काटेकोर धरलं तर एक तास चुकतो. त्यांच्या मनात असते न्यूयॉर्कची चालू वेळ. म्हणून शहर, वार आणि तारीख दोन्ही बाजूंची लिहा: "बुधवार, संध्याकाळी ७:३० ठाणे, बुधवार सकाळी १० न्यूयॉर्क." एवढं लिहिलं की चूक असली तरी समोरचाच ती पकडतो.

मध्यरात्रीबद्दल सावध राहा. "१५ तारखेला रात्री १२" म्हणजे १५ सुरू होतानाचे की संपतानाचे? ११:५९ लिहायला सांगा. खारघरच्या एका विद्यार्थिनीने अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज भरण्याची मुदत १ जानेवारी रात्री ११:५९ ईस्टर्न (न्यूयॉर्कची वेळ) अशी वाचली आणि आपल्या रात्रीच्या ११:५९ च्या धास्तीने निबंध अर्धवट पाठवायला निघाली होती. प्रत्यक्षात तिच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९ पर्यंत वेळ होता. विमानाच्या तिकिटावर प्रत्येक विमानतळाची तिथलीच स्थानिक वेळ छापलेली असते. १५ तारखेचं रात्री १:३० चं विमान असेल तर घरातून १४ ला संध्याकाळीच निघायचं. हे सांगायला मी संकोचत नाही, कारण याची किंमत सगळ्यात जास्त असते.

६. साठवलेल्या नोंदी

रिपोर्टमधली वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर आकडे हाताने बदलत बसू नका. आधी रकान्याच्या नावात किंवा एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये यूटीसी असा उल्लेख आहे का बघा. यूटीसीत साठवणं हीच योग्य पद्धत आहे. दाखवताना +०५:३० करायचे. एक्सेलच्या खान्यात वेळेबरोबर झोन साठवला जात नाही, त्यामुळे एकाने साडेपाच तास मिळवलेली फाइल दुसऱ्याने पुन्हा मिळवून बिघडवल्याची उदाहरणं आहेत. मूळ रकाना तसाच ठेवा आणि शेजारी नवा रकाना करा.

सोसायटीचा सीसीटीव्ही आवर्जून तपासा. रेकॉर्डरची मूळ सेटिंग काही वेळा चीनच्या वेळेची असते आणि बसवणारा माणूस ती बदलायला विसरतो. गाडीला घासून कोणी गेलं किंवा चोरी झाली की सेक्रेटरी रात्री १० चं चित्रण शोधतात आणि ते १२:३० ला, दुसऱ्या तारखेखाली असतं. पोलिसांना फूटेज द्यायचं असेल तर सेटिंग बदलण्याआधी स्क्रीनवरची वेळ आणि हातातल्या फोनवरची वेळ एकाच फोटोत घ्या. आधीच सेटिंग बदलली तर जुन्या नोंदीत किती फरक होता हे दाखवता येणार नाही.

७. आतला सेल आणि दोन सिस्टिम

प्लग काढून ठेवल्यावर डेस्कटॉपची तारीख थेट काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला आहे. मशीन बंद करून, प्लग काढून तो बदलता येतो. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायची सवय नसेल तर स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे द्या.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. आतल्या घड्याळात लिनक्स यूटीसी लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवावी लागते. ही सेटिंग एकदा केली की पुन्हा बघावी लागत नाही.

इथे थांबा

पुढच्या गोष्टींत घरगुती प्रयोग नकोत: हजेरीचं मशीन ज्या सर्व्हरला जोडलं आहे तो, पगाराची किंवा बिलिंगची प्रणाली, डेटाबेस, हॉस्पिटलमधली यंत्रं, आणि कंपनीने लॉक केलेला लॅपटॉप. तिथे घड्याळ मागे घेतलं तर एकाच तासाच्या नोंदी दोनदा येतात किंवा क्रमच उलटा होतो, आणि तो घोळ नंतर सोडवणं फार महाग पडतं. भारतातल्या कंपन्यांनी आपल्या प्रणालींची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावीत असा सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा आदेश आहे. त्यामुळे हे काम ज्याचं आहे त्यानेच करायचं.

आणखी एक प्रकार तज्ज्ञाकडेच द्यायचा: एखाद्या देशाने नियमच बदलला. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात डेलाइट सेव्हिंग बंद केलं, इजिप्तने २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू केलं, कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून देशभर एकच झोन केला. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ ला सरकारने घड्याळ बदलायचा दिवस ऐनवेळी पुढे ढकलला आणि नंतर निर्णय मागे घेतला, काही दिवस देशात दोन वेळा चालू होत्या. हे नियम सगळ्या यंत्रांपर्यंत टाइम झोनच्या एका सामायिक डेटाबेसमधून पोहोचतात. अपडेट बंद झालेला जुना फोन किंवा सर्व्हर जुनाच नियम पाळत बसतो. साधा फोन असेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. सर्व्हर असेल तर आयटीला तिकीट टाका, म्हणजे लेखी तक्रार नोंदवा.

तिकिटात एवढं लिहा: फरक किती आणि कोणत्या दिशेने, कधीपासून, कोणत्या शहरांमध्ये, एकाच माणसाला की सगळ्यांना, आणि तुम्ही स्वतः आतापर्यंत काय बदललं. शेवटचा मुद्दा लोक लपवतात, आणि तोच सगळ्यात उपयोगी असतो.

घड्याळ बरोबर आहे, पण शरीर जुळत नाही

हे माझ्या टेबलावरच्या दुरुस्तीत बसत नाही, पण तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांची खरी अडचण हीच असते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या शिफ्टचं सगळं एका तासाने उशिरा सरकतं. ऐरोलीहून पहाटे ३:३० ला सुटणारी कॅब ४:३० ला सुटते, घोडबंदर रोडला घरी पोहोचेपर्यंत दूधवाला आलेला असतो आणि मुलांच्या शाळेच्या डब्याची घाई सुरू असते. मार्चमध्ये कमावलेला तास असा परत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवलं, तेव्हा ही तक्रार नाजूकपणाची नाही. बदलाच्या आधी चार-पाच दिवस झोपेची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवा, घरी आल्यावर पडदे जाड ठेवा, आणि मीटिंगची वेळ कोणाच्या सोयीने बांधली आहे हा प्रश्न टीममध्ये उघडपणे विचारा. दर वेळी आपणच सरकायचं असा कुठे नियम नाही.

दोन-तीन आठवडे उलटूनही झोप बसत नसेल, गाडी चालवताना डोळे मिटत असतील, छातीत धडधड किंवा रक्तदाब-साखरेचे आकडे बदलले असतील, तर ॲप आणि सेटिंग सोडा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना मागच्या दोन आठवड्यांचं झोपायचं आणि उठायचं टिपण, शिफ्टच्या वेळा आणि चहा-कॉफी कधी कधी घेता ते लिहून न्या.